मागें उभे राहणारे

कीर्तनाहून घरीं परतलेल्या मनुष्यास घरचीं माणसें पहिला प्रश्न विचारतात तो हा कीं, आज कीर्तन कोणाचें होतें? कीर्तनकाराचें नांव कळलें, अभंग कोणता लावला होता तें कळलें, आवाज लागला होता कीं बसला होता याची चौकशी झाली, म्हणजे तो विषय संपतो. कीर्तनकाराच्या मागें टाळ घेऊन जे दहावीस लोक दोन तास अखंड उभे होते, त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव कोणी विचारीत नाहीं. आणि कोणी विचारलेंच, तर सांगणाऱ्याला तें सांगतां यावयाचें नाहीं. डोळ्यांसमोर ते होते, कानांत तर त्यांचाच आवाज अधिक भरला होता. तरी स्मरणांत ते उरत नाहींत. इतिहासलेखकांनीं हीच घरगुती संवय पुढें चालविली आहे. कीर्तनकारांचीं, शाहिरांचीं, गवयांचीं चरित्रें आपणांकडे पुष्कळ झालीं. धृपद धरणाऱ्याचें, झील ओढणाऱ्याचें, साथ करणाऱ्याचें चरित्र शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं.

या गोष्टीचा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनांत प्रथम आला तो मात्र कीर्तनांत बसला असतांना नव्हे. तो आला एका अगदीं परक्या नाचाविषयीं वाचतांना. दक्षिण अमेरिकेंत ला प्लाता नदीच्या विस्तीर्ण मुखाच्या दोन तीरांवर ब्वेनोस आयरेस व मोंतेव्हिदेओ हीं शहरें वसलीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील गरीब वस्त्यांत, युरोपांतून पोटासाठीं आलेले लोक आणि पूर्वीं गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज यांच्या मिसळणींतून टँगो नांवाचा नाच जन्मास आला. १९१३ च्या सुमारास पॅरिसच्या शिष्ट समाजानें तो डोक्यावर घेतला, आणि मग ज्या शहरांत तो जन्मला तेथील शिष्टांनाही तो गोड वाटूं लागला. (आपल्या घरची वस्तु परक्यानें वाखाणल्यावर तिची किंमत कळावी, हा क्रम आपणांसही अपरिचित नाहीं.) २००९ सालीं युनेस्कोनें या नाचाची गणना मानवजातीच्या वारशांत केली.

हा नाच दोघांचा. एक नेतो, दुसरा जातो. रूढीनें पुरुष नेणारा व स्त्री जाणारी. पावलें आगाऊ ठरलेलीं नसतात. नेणाऱ्यानें छातीच्या किंचित् वळण्यानें दिशा सुचवावी आणि जाणारीनें ती अंगानेंच ओळखावी, तीही बहुधा मागें मागें पावलें टाकीत. पाहणाऱ्यास वाटतें, बाई केवळ नेईल तिकडे चालली आहे. परंतु या नाचांत 'पारादा' म्हणून एक जागा आहे. पारादा म्हणजे थांबा. पुरुष आपलें पाऊल तिच्या वाटेंत आडवें ठेवतो, ती थांबते, आणि तें पाऊल ओलांडून केव्हां जावयाचें हें आतां तिच्या स्वाधीन होतें. ती तत्काळ ओलांडील. किंवा वाद्यांची एक संबंध ओळ संपेपर्यंत उभी राहील, बुटाच्या टोकानें जमिनीवर एखादी वेलबुट्टी काढील, आणि मग सावकाश पाऊल उचलील. तोंपर्यंत नेणाऱ्यास वाट पाहत उभें राहणें प्राप्त आहे. शिवाय त्यानें सांगितलेली असते ती फक्त दिशा. पाऊल जड पडावें कीं हलकें, चटकन् पडावें कीं रेंगाळत, हें ती ठरविते. आणि तिच्या पावलाचा तो भार मिठीवाटे त्याच्या अंगास कळून त्यावरून त्याला पुढची कल्पना सुचते. म्हणजे नेणाऱ्याची म्हणून जी कल्पना आपण वाखाणतों, ती पुष्कळ वेळां जाणारीनें कांहीं भर घालून परत केलेली असते.

ब्वेनोस आयरेसचे जुने नर्तक आणखी एक गोष्ट सांगत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथें तरुण मुलगे पुरुषांच्याच मेळ्यांत हा नाच शिकत, आणि त्यांना प्रथम कित्येक महिने मागें जाण्याचें, म्हणजे स्त्रीचें, काम करावें लागे. तें साधल्यावांचून नेण्याची परवानगी मिळत नसे. ही गोष्ट वाचली आणि आम्हांस पाटोद्याकडचीं कीर्तनें आठवलीं.

पाटोदा हें बीड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव बालाघाटाच्या डोंगरांत आहे. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते; सौताड्यास विंचरणा नदी रामेश्वराच्या देवळाजवळ खोल दरींत उडी घेते, ती पाहण्यास पावसाळ्यांत दुरून लोक येतात. एरवीं जमीन हलकी आणि पाऊस बेभरंवशाचा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू, मराठी शाळा विरळा. अशा ठिकाणीं ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही शेंदोनशें अभंग तोंडपाठ असावेत यांत नवल नाहीं. भजनी मंडळ हीच त्याची शाळा होती. चिंचोलीचा गहिनीनाथगड याच तालुक्यांत आहे. नांव नाथपंथाचें, पण वामनभाऊ महाराजांच्या पुण्यतिथीस तेथें मेळा जमतो तो वारकऱ्यांचा. सावरगांव घाट हें भगवानबाबांचें जन्मगांवही याच तालुक्यांतलें. त्यांच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. गांवोगांवीं सप्ताह बसतात, सात दिवस वीणा खालीं ठेवली जात नाहीं, आणि रोज रात्रीं कीर्तन होतें.

शहरांतल्या वाचकांस नारदीय कीर्तन अधिक परिचयाचें असेल. तेथें बुवा एकटे उभे असतात; पेटी व तबला बाजूस बसून साथ करतात; पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, सर्व भार बुवांवर. वारकरी कीर्तनाची मांडणीच निराळी. कीर्तनकार पुढें, त्याच्या मागें अर्धचंद्राकार टाळकऱ्यांची रांग, एका बाजूस मृदंग, आणि गळ्यांत वीणा घालून उभा असलेला विणेकरी. कीर्तनकार अभंगाचें धृपद लावतो, आणि लावतांच तें त्याच्या हातून निघून मागच्यांकडे जातें. ते तें धरतात, घोळवितात, चढवितात. टाळांचा ठेका आधीं सावकाश असतो, मग दुप्पट होतो. आवाज अशा उंचीवर पोंचतो कीं मंडपाच्या कनाती हालत आहेत असें वाटावें. आणि मग कोणीही खूण केल्याचें दिसत नसतां सर्व टाळ एकदम थांबतात. ती शांतता कीर्तनकाराच्या हवालीं केलेली असते. तिच्यांत त्यानें निरूपणाचा पहिला शब्द टाकावयाचा. ही शांतता बेताची झाली नाहीं, टाळ एक आवर्तन आधीं किंवा नंतर थांबले, तर उत्तम वक्त्याचेंही पहिलें वाक्य पडतें. आम्ही कीर्तनकाराच्या सुरुवातीची वाहवा करतों, पण ती सुरुवात त्याला मागून मिळालेली असते.

पुढें निरूपण चालूं होतें. कीर्तनकार आपल्या म्हणण्यास आधार म्हणून संतवचन घेतो. त्याला प्रमाण म्हणतात. तो वचनाचे पहिले दोन शब्द उच्चारतो, आणि उरलेलें वचन टाळकरी पुरें करतात. हें ऐकतांना इतकें सहज वाटतें कीं त्यांतला पराक्रम ध्यानांत येत नाहीं. त्या दोन शब्दांनीं आरंभ होणारीं वचनें एकाहून अधिक असूं शकतात. टाळकऱ्यानें निरूपणाचा ओघ ऐकून, बोवांचा रोख कोठें आहे हें ओळखून, क्षणार्धांत त्यांतलें एक उचलावयाचें असतें. एवढें झालें तरी तें आज्ञापालनच म्हणतां येईल. पण याच्या पलीकडे एक पायरी आहे. बोलतां बोलतां कीर्तनकार एखाद्या विचाराच्या तोंडाशीं येऊन थबकतो. अशा वेळीं रांगेंतून एखादा म्हातारा, ज्याला कोणी विचारलेलें नाहीं असा, हलक्या आवाजांत जनाबाईचा किंवा चोखोबाचा एखादा चरण सोडून देतो. कीर्तनकार वळून पाहतो. त्यानें योजलेलें प्रमाण निराळें असतें; पण आलेलें प्रमाण अधिक नेमकें असतें, तो तें घेतो, आणि पुढचा अर्धा तास कीर्तन त्या चरणाच्या वाटेनें जातें. अभंग निवडला कीर्तनकारानें, नांव त्याचें, पण वळण दिलें तें मागच्यानें. सप्ताहांस नित्य जाणाऱ्या वाचकांनीं असे प्रसंग पाहिले असतील.

तिसरी गोष्ट चालीची. निरूपण रंगांत आलें म्हणजे कीर्तनकार एखादा चरण गाऊन थांबतो आणि मागच्या गायकांकडे पाहतो. मग गळ्याचा टाळकरी तोच चरण निराळ्या चालींत उचलतो. शब्द तेच, पण विनवणीचा चरण आतां भांडणाचा वाटूं लागतो, किंवा भांडणाचा चरण रडवेला होतो. मृदंगी तें ओळखून हात बदलतो. एक गायक आपली चाल संपवून दुसऱ्याकडे देतो. आणि या सर्व काळांत कीर्तनकार काय करीत असतो? तो उपरण्याचीं टोकें हातांत धरून उभा असतो. वाट पाहत असतो. टँगोंतला तो पारादा याहून फार निराळा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. चाल परत आली म्हणजे चांगला कीर्तनकार पूर्वीच्याच जागेवरून बोलूं लागत नाहीं. चालीनें चरणाचा जो नवा अर्थ दाखविला त्यावरून बोलतो. जो तसें करीत नाहीं, मागच्यांचें गाणें म्हणजे आपल्या घशाची विश्रांति इतकेंच समजतो, त्याचें कीर्तन कितीही विद्वत्तेचें असलें तरी घट्ट विणलेलें होत नाहीं.

मराठी भाषेस ही गोष्ट फार पूर्वींपासून कळलेली असावी, कारण मागून येणाऱ्याच्या कामास तिनें एक शब्द ठेवून भागविलेलें नाहीं. कीर्तनांत धृपद धरतात, पोवाड्यांत झील ओढतात, गाण्यांत साथ करतात, कहाणींत हुंकार देतात. कहाणी सांगणारी आजी दर वाक्यास थांबते आणि ऐकणाऱ्या पोरानें 'हूं' म्हटल्यावांचून पुढें सरकत नाहीं. हुंकार झोंपाळूं लागला कीं ती कहाणी आंवरती घेते, तो उत्सुक असला कीं राक्षसाचें घर आणखी दोन डोंगर दूर नेते. ज्ञानेश्वरांनीं आपल्या श्रोत्यांपाशीं अवधान मागितलें तें विनयाखातर मागितलें असें आपण समजतों. तें तसें असेलही. पण ज्याला शेंकडों लोकांपुढें बोलण्याचा अनुभव आहे त्यास ती मागणी अगदीं रोकडी वाटेल.

अंगानें नाचण्याचा प्रकार वारकऱ्यांत आहे तोही येथें पाहण्यासारखा आहे. स्त्रीपुरुषांनीं मिठींत नाचावें ही चाल आपल्याकडे नाहीं. पण दिंडींत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि पावली खेळतात. एक रांग पुढें येते, समोरची तितकीच मागें सरते. मग मागें सरलेली पुढें येते. टाळ गुडघ्यापाशीं वाजतो, डोक्यावर वाजतो. मृदंग्यानें ठेका बदलला कीं रांगेच्या टोकाचा एखादा टाळकरी एक गिरकी किंवा एक उडी अधिक घालतो; समोरचा ती पाहून उत्तर देतो; दोन आवर्तनांत ती साऱ्या रांगेची होते. ती कोणी काढली हें पुढच्या मुक्कामापर्यंत कोणास आठवत नाहीं. फुगडींत तर पुढचा आणि मागचा हा भेदच मावळतो. दोघांनीं चवडे जुळवावे, हातांची अढी घालावी, आणि मागें रेलून फिरावें. प्रत्येकाचा तोल दुसऱ्याच्या ओढीवर. एकानें हात सैल केला तर दोघेही मातींत. वारींत वृद्ध वृद्धाशीं, लेक आईशीं, आणि क्वचित् मोठा कीर्तनकार एखाद्या अनोळखी शेतकऱ्याशीं फुगडी घालतांना दिसतो, आणि त्या दोघांपैकीं मोठा कोण हें त्या वेळीं सांगतां येत नाहीं.

ब्वेनोस आयरेसच्या मुलग्यांस आधीं मागें जाण्यास शिकावें लागे, असें वर सांगितलें. आपल्या संप्रदायाचा शिरस्ता हाच आहे. कीर्तनकार होऊं पाहणाऱ्यानें आधीं टाळ घेऊन दुसऱ्याच्या मागें उभें राहावयाचें. १९१७ सालीं विष्णुबुवा जोगांनीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, त्यामुळें या शिक्षणास शाळेचें रूप आलें. जोगांच्या शिष्यांत सोनोपंत दांडेकरांचें नांव पुण्यामुंबईच्या वाचकांस ठाऊक आहे. बंकटस्वामींचें तितकें नाहीं. हे बंकटस्वामी बीडजवळच्या नेकनूरचे. सावरगांव घाटास १८९६ सालीं जन्मलेला आबाजी सानप नांवाचा शेतकऱ्याचा मुलगा आळंदीस यांच्याच हाताखालीं शिकला, आणि पुढें भगवानबाबा म्हणून प्रसिद्धि पावला. १९६५ सालीं ते वारले तेव्हां त्यांनीं उभारलेला भगवानगड हें या डोंगरी मुलखाचें मोठें तीर्थ झालें होतें. त्यांच्या चरित्राचा मोठा भाग पुढें उभें राहण्याचा आहे आणि लोक तोच सांगतात. आळंदीस गुरूपाशीं काढलेल्या वर्षांविषयीं बोलतांना मात्र सर्वांचे शब्द आंखूड होतात. वास्तविक जो पुढें गेल्यावर आपल्यामागें हजारों माणसें चालवूं शकला, तो चालणें काय असतें हें तेथें शिकला असला पाहिजे.

आतां जुन्या काळाकडे वळूं. तुकोबांच्या मागें चौदा टाळकरी उभे असत असें परंपरा सांगते. त्यांत कडूसचे गंगाराम मवाळ आणि चाकणचे संताजी तेली जगनाडे हे धृपद धरण्यांत प्रमुख. चौदांपैकीं बाकीच्यांचीं नांवें यादींत सांपडतात, पण त्या नांवांमागें माणूस उभा राहत नाहीं. संताजी मात्र राहिले, आणि ते कां राहिले हें पाहिलें म्हणजे या साऱ्या प्रकरणाची किल्ली हातीं येते. संताजी राहिले ते त्यांच्या टाळामुळें नव्हे, आवाजामुळें नव्हे. ते राहिले कारण त्यांनीं लिहिलें. तुकोबांचे अभंग त्यांनीं आपल्या वह्यांत उतरून ठेवले. त्या वह्या त्यांच्या वंशांत जपल्या गेल्या. आणि विनायक लक्ष्मण भाव्यांनीं त्यांच्या आधारें १९१९ व १९२० सालीं तुकारामबुवांची गाथा छापली, तेव्हां पंडितांनाही या तेल्याच्या अक्षराचा विचार करणें भाग पडलें. त्यापूर्वीं इंदुप्रकाश छापखान्यांत निघालेल्या थोरल्या गाथेंत साडेचार हजारांवर अभंग आहेत, आणि कोणता पाठ अस्सल याविषयीं अभ्यासकांचे वाद अद्यापि संपलेले नाहींत. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, इंद्रायणींत बुडालेल्या कागदांविषयीं आपण इतकें बोलतों, पण तुकोबांच्या मागें रोज उभे राहून जे अभंग कानांनीं घेत होते आणि तोंडानें परत देत होते, त्यांच्या कंठांत ते कागद आधींच उतरलेले होते. अभंग ऐकतांक्षणीं त्याचें धृपद होतें कीं नाहीं, तें दहा जणांच्या तोंडांत बसतें कीं नाहीं, हें प्रथम या लोकांस कळत असणार. रोज असे कान पाठीशीं असलेल्या कवीच्या रचनेवर त्यांचा कांहींच परिणाम झाला नसेल, हें आम्हांस तरी संभवनीय वाटत नाहीं. पण याला कागदोपत्रीं पुरावा नाहीं, आणि तसा तो असणारही नाहीं.

गोम आहे ती येथेंच. इतिहास कागदावरून लिहितात, आणि कागद पुढच्याचा असतो. शब्द लिहून ठेवतां येतात. ते कोणत्या क्षणीं, कोणत्या चालींत परत फिरले हें लिहून ठेवण्याची सोय अगदीं अलीकडेपर्यंत नव्हती. होनाजी आणि बाळा यांच्या बाबतींत मराठी माणसानें थोडा न्याय केला. होनाजी शिलारखाने रचणारा, बाळा कारंजकर गाणारा. लोकांनीं दोघांचें मिळून 'होनाजी बाळा' असें एकच नांव केलें, इतकें कीं कित्येकांस तो एकच मनुष्य वाटतो. पण छापील पुस्तकांत होनाजी सांपडतो. बाळाचा गळा कोठें सांपडावयाचा?

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची गोष्ट याहून बोचणारी आहे. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी (१८६६–१९४५). ब्राह्मण घर सोडून तमाशांत उतरले आणि लावणीचे राजे झाले. पवळा हिवरगांवची, जातीनें महार. बापूरावांचा फड तिच्यामुळें गाजला हें सर्व मान्य करतात, आणि मग लगेच तिच्या रूपाविषयीं बोलूं लागतात. लावणी ज्यांनीं बैठकींत ऐकली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, एक ओळ सातआठ वेळां येते आणि प्रत्येक वेळीं निराळ्या अदेनें येते. पहिल्यांदा रुसवा, मग लटका रुसवा, मग रुसवा लटका आहे हें कळूं देणारें हसूं. कवीनें ओळ एकदांच लिहिलेली असते. बाकीच्या सात खेपा कोणाच्या? बापूरावांच्या लावण्या आज पुस्तकांतून वाचतां येतात, आणि वाचतांना जें उणें वाटतें तें पवळेचें आहे.

टँगोच्या इतिहासांत कालगतीनें यास थोडा अपवाद घडला. एल काचाफास या टोपणनांवाचा नामांकित नर्तक आणि त्याची जोडीदारीण कार्मेंसिता काल्देरॉन १९३३ सालच्या 'टँगो' या बोलपटांत नाचले. तो १९४२ सालीं वारला. ती १९०५ पासून २००५ पर्यंत शंभर वर्षें जगली. चित्र राहिल्यामुळें तिचीं पावलें त्याच्या पावलांपासून निराळीं काढून पाहतां येतात. पवळेचें तसें चित्र असतें तर लावणीचा इतिहास कांहीं निराळा लिहिला गेला असता असें मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

कागदाचा हा पक्षपात केवळ कलेपुरता नाहीं. पाटोदा तालुक्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीनंतर हजारों कुटुंबें ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांच्या भाषेंत नवराबायको मिळून 'एक कोयता' होतो. तो ऊस तोडतो, ती वाढें साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते; तिचा हात थांबला तर त्याचा कोयता आपोआप थांबतो. उचल मात्र बहुधा त्याच्या नांवें लिहिलेली असते. हें विषयांतर झालें खरें, पण ज्या गांवांतलीं कीर्तनें आम्ही वर्णिलीं त्याच गांवांतली ही जोडी आहे, आणि मांडवांत टाळ धरणारे पुष्कळ हात कोयत्याचेच असतात.

संगीताच्या प्रांतांत मागच्याची कदर थोडी अधिक झाली, कारण तेथील रसिक कान देऊन बसणारे. भास्करबुवा बखल्यांची साथ करणारे गोविंदराव टेंबे हें याचें उत्तम उदाहरण. पेटी ही मुळांत परकी व अपुरी; तिच्यांतून मिंड निघत नाहीं. तीवर बुवांच्या गळ्याचा पाठलाग करावयाचा म्हणजे जागा निघण्यापूर्वींच ती कोठें जाणार हें ओळखावयाचें. या पाठलागांतून टेंब्यांस असें कांहीं मिळालें कीं १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'मानापमाना'च्या चाली त्यांनीं दिल्या, आणि महाराष्ट्र त्या अद्यापि विसरला नाहीं. साथीदार पुढें आला कीं काय करूं शकतो याचा याहून चांगला दाखला शोधण्याचें कारण नाहीं. बालगंधर्वांच्या पाठीशीं तबल्यास अहमदजान थिरकवा आणि सारंगीस कादरबक्ष असत. गंधर्वांच्या पदांच्या आठवणी सांगणारे वृद्ध पद गुणगुणतां गुणगुणतां मध्येंच मांडीवर बोटांनीं एक तुकडा वाजवून दाखवीत. तो गंधर्वांचा नव्हे, थिरकव्यांचा असे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाहीं. मागच्यास इतकें महत्त्व दिलें तर तो पुढें घुसेल. घुसतोच. कीर्तनकाराचें वाक्य पुरें होण्यापूर्वीं प्रमाण ओरडणारा टाळकरी, कोणाच्या तरी प्रशंसेनें फुगून एका चरणावर पाव तास चाल फिरविणारा गायक, निरूपणाच्या नाजुक जागीं बोटें शिवशिवली म्हणून तुकडा मारणारा मृदंगी, हे सर्व आम्ही पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळें विसकटलेलीं कीर्तनेंही ऐकलीं आहेत. ध्वनिवर्धक आल्यापासून तर हा रोग वाढला आहे, कारण टाळकऱ्याच्या तोंडाशींही आतां तें यंत्र असतें. पण असल्या माणसाचा दोष त्यानें भर घातली हा नव्हे. त्यानें ऐकणें सोडलें हा आहे. उत्तम टाळकरी प्रमाण केव्हां द्यावयाचें हें जितकें जाणतो तितकेंच केव्हां द्यावयाचें नाहीं हें जाणतो, आणि त्याचें न दिलेलें प्रमाण तर कोणत्याच इतिहासांत येणार नाहीं. उलट बाजूनें, मागच्यांस मेंढरें समजून हांकणारे कीर्तनकारही आहेत. त्यांच्या मागें उभे असलेले लोक ठेका चुकवीत नाहींत, धृपद सोडीत नाहींत, आणि तरीही मांडवांत बसलेल्यास कांहीं तरी कोरडें वाटत राहतें.

तथापि मागच्यांचा अगदींच मागमूस राहत नाहीं असें नाहीं. सप्ताहाच्या छापील पत्रिका निघतात. वरच्या भागांत सात कीर्तनकारांचीं नांवें आणि अलीकडे त्यांचीं रंगीत छायाचित्रें. त्याखालीं बारीक अक्षरांत गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार, काकड्यास व हरिपाठास पुढें उभे राहणारे. आणि अगदीं तळाशीं 'समस्त भजनी मंडळ'. या पत्रिका देवळाच्या भिंतीस चिकटविलेल्या असतात, पुढच्या सालीं तींवर नवी चिकटते. कोणाच्या घरीं पोथीच्या कापडांत जुन्या घडी घालून ठेवलेल्या असतात, कोणाच्या पेटींत तळाशीं घातलेल्या. सालवार लावल्या तर कोणत्या गांवचा टाळकरी किती वर्षें कोणाच्या मागें उभा होता, कोण कधीं मागून पुढें आला, कोण जन्मभर मागेंच राहिला पण ज्याचें नांव प्रत्येक मोठ्या कीर्तनकाराच्या रात्रीं सांपडतें, हें त्यांतून काढतां येईल. पाटोदा तालुक्यांतल्या एखाद्या शिक्षकानें सुटीचे दिवस खर्चून हें काम हातीं घ्यावें. उन्हाळा बरा, त्या दिवसांत सप्ताह चालू असतात, आणि ऊसतोडीस गेलेले टाळकरीही गांवीं परत आलेले असतात.